आधी नाव वाचा, मग झाकण उघडा!

शनिवारची सकाळ. फ्लॅट सोडायचा होता, दुपारी घरमालक 'एक नजर टाकायला' येणार होते आणि अख्खं डिपॉझिट पणाला लागलं होतं. मी आणि माझा रूममेट बाथरूमवर तुटून पडलो. आधी टॉयलेट क्लीनर ओतला. पिवळट डाग काही हलेना. मग रूममेटच्या डोक्यात ट्यूब पेटली. कपड्यांचं ब्लीच उरलंय की, तेही टाकू! डबल पॉवर!

पुढच्या अर्ध्या मिनिटात बाथरूममध्ये स्विमिंग पूलचा वास भरला. पाठोपाठ डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ आणि थांबतच नाही असा खोकला. दोघंही धडपडत बाल्कनीत पळालो. नशीब, खिडकी उघडी होती.

दोन्ही बाटल्या एकाच दुकानातून आणलेल्या. दोन्हींच्या पाठीवर, मुंगीच्या अक्षरात का होईना, आत काय आहे ते लिहिलेलं. एकीवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, दुसरीवर सोडियम हायपोक्लोराइट. आणि यातली खरी शरमेची गोष्ट म्हणजे आम्ही दोघंही सायन्सवाले. दहावीला 'आम्ल, आम्लारी आणि क्षार' हा धडा घोकून मार्क मिळवलेले!

त्या दिवशी आम्ही घरच्या घरी क्लोरीन वायू तयार केला होता. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता, तोच हा वायू. आमचं प्रमाण अर्थातच नगण्य. पण बंद, चिमुकल्या बाथरूमला नगण्य प्रमाणही पुरतं.

तेव्हापासून मी बाटल्यांची नावं वाचतो. आणि गंमत म्हणजे, ही नावं वाचायला येणं वाटतं तितकं अवघड नाही.

तीच जुनी ओळख, नव्याने

शाळेतलं थोडं आठवू या. अ‍ॅसिड म्हणजे आम्ल. चवीला आंबट, निळा लिटमस तांबडा करणारं. बेस म्हणजे आम्लारी. चवीला कडवट, हाताला साबणासारखं बुळबुळीत, तांबडा लिटमस निळा करणारं. पाण्यात विरघळणाऱ्या बेसला म्हणतात अल्कली. (चव घेऊन खात्री करण्याचे दिवस संपले, हे वेगळं सांगायला नको.)

लिटमस नसेल तर घरात हळद आहेच. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावताच तो लालभडक झाला, असं झालंय ना कधी? घाबरून लाँड्रीवाल्याकडे पळायची गरज नसते. साबण अल्कलीधर्मी, हळद बेसमध्ये लाल होते, इतकंच. खळबळून धुतलं की पुन्हा पिवळी. पुस्तकात याला 'दर्शक' म्हणायचे. जास्वंदीच्या फुलाचं पाणीही तेच काम करतं. आम्लात गुलाबी-लाल, आम्लारीत हिरवं.

आम्ल आणि आम्लारी समोरासमोर आले की एकमेकांचा जोर काढून घेतात आणि उरतं क्षार नि पाणी. हे उदासिनीकरण. आम्ल चुनखडीच्या दगडावर पडलं तर फसफसतं, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दगड झिजतो. आईच्या घरच्या शहाबादी फरशीवर किंवा कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की पांढुरका डाग कायमचा का राहतो, याचं उत्तर हेच. दोन्ही चुनखडीचे दगड. मार्बलचीही तीच गत. म्हणून नव्या फ्लॅटमध्ये हौसेने मार्बल लावला असेल, तर टॉयलेट क्लीनर त्याच्या आसपासही नको.

राहता राहिला सामू. मराठी मीडियममध्ये हा शब्द ऐकला की वर्गातल्या कुणाचं तरी टोपणनाव वाटायचं. सामू म्हणजे पीएच. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी आणली. हो, बिअरवाल्या कार्ल्सबर्गचीच ती लॅब! ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. लिंबाचा रस २ च्या आसपास, कोला २.५ च्या जवळपास, आपलं रक्त ७.४, खाण्याच्या सोड्याचं पाणी ८ च्या थोडं वर आणि ब्लीच ११ च्याही पुढे.

इथे एक फंडा लक्षात ठेवायचा. या पट्टीवर एक पायरी म्हणजे १० पट. दोन पायऱ्या म्हणजे १०० पट. दातांचं एनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागतं. आता कोलाचा २.५ आठवा. तीन पायऱ्या खाली, म्हणजे १,००० पट! आणि आपण डेस्कवर ग्लास ठेवून तासभर घोट घोट पीत बसतो. शिवाय आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. मऊ पडलेलं एनॅमल घासलं जातं. अर्धा तास जाऊ द्या.

शेवटचं अक्षर बघा!

आता मुख्य मुद्दा, नावांचा. रसायनांची नावं पूर्वी अशी नव्हती. किमयागारांनी ज्याला जे सुचेल ते नाव ठेवलं होतं. मग १७८७ मध्ये फ्रान्समध्ये गितों द मोर्वो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्र्वा या चौघांनी एक पुस्तक काढलं आणि नावांना शिस्त लावली. नाव ऐकलं की आत काय आहे ते कळलं पाहिजे, ही त्यामागची कल्पना. आज तुमच्या बेसिनखालच्या बाटलीवर जे शेपूट असतं, एट, आइट, इक, अस, त्याचं मूळ त्या पुस्तकात आहे.

नियम सोपा आहे. ज्या अ‍ॅसिडमध्ये ऑक्सिजन आहे, त्याची दोन भावंडं असू शकतात. जास्त ऑक्सिजनवाल्याचं नाव 'इक' ने संपतं, कमीवाल्याचं 'अस' ने. सल्फ्युरिक आणि सल्फ्युरस. नायट्रिक आणि नायट्रस. या आम्लांचे क्षार झाले की 'इक' चं होतं 'एट' आणि 'अस' चं होतं 'आइट'. म्हणून सल्फ्युरिकचा सल्फेट, सल्फ्युरसचा सल्फाइट. नायट्रेट खतात सापडतं, नायट्राइट सॉसेज आणि हॅमच्या पाकिटावर.

ज्या अ‍ॅसिडमध्ये ऑक्सिजन नाहीच, त्याला पुढे 'हायड्रो' लागतं आणि त्याचा क्षार 'आइड' ने संपतो. हायड्रोक्लोरिकचा क्लोराइड. जेवणातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड.

आता क्लोरीनचं अख्खं खानदान एका रांगेत उभं करा. हायड्रोक्लोरिकपासून क्लोराइड, म्हणजे मीठ. हायपोक्लोरसपासून हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. क्लोरसपासून क्लोराइट. क्लोरिकपासून क्लोरेट, म्हणजे काडेपेटीच्या गुलातला ऐवज. सोडियम क्लोराइड आमटीत आणि सोडियम हायपोक्लोराइट बाथरूममध्ये. नावात फरक दोन-तीन अक्षरांचा, पण तीच अक्षरं महत्त्वाची! 'हायपोक्लोराइट' दिसलं की समजायचं, या बाटलीशेजारी कुठलंही आम्ल येता कामा नये. हायड्रोक्लोरिक तर नाहीच, पण व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा नाही. आम्ल मिळताच त्यातून क्लोरीन सुटतो. अमोनियाही नको. काचा पुसायच्या काही लिक्विडमध्ये तो असतो. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइन नावाचे वायू होतात आणि तेही फुप्फुसांना तितकेच नकोसे.

बेसची नावं तर त्याहून सरळ. आधी धातू, मग हायड्रॉक्साइड. सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया. फक्त अमोनिया आणि कार्बोनेट मंडळी नावात हायड्रॉक्साइड नसतानाही बेससारखी वागतात.

हुशार माणसंही नावात कशी फसतात, याचा एक किस्सा. लाव्हाझिएला ठाम वाटायचं की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. म्हणून तर त्याने ग्रीक शब्दांवरून 'ऑक्सिजन' हे नाव ठेवलं. अर्थ, आम्ल तयार करणारा. पुढे १८१० मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की आपल्या टॉयलेट क्लीनरवाल्या अ‍ॅसिडमध्ये ऑक्सिजनचा पत्ताच नाही. सिद्धान्त गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

३३० चा बागुलबुवा

'अ‍ॅसिड' म्हटलं की आपल्याला फक्त जळणं, भाजणं आठवतं. पण अर्ध्या अ‍ॅसिडची नावं तर थेट स्वयंपाकघरातून आणि बागेतून आलीत. अ‍ॅसेटिक हे व्हिनेगरच्या लॅटिन नावावरून. फॉर्मिक मुंगीच्या लॅटिन नावावरून. लाल मुंगी चावल्यावर होणाऱ्या आगीत याचाच हात असतो. दह्यातलं लॅक्टिक (१७८०) आणि लिंबातलं सायट्रिक (१७८४) ही दोन्ही कार्ल शीले या स्वीडिश औषधविक्रेत्याने पहिल्यांदा वेगळी काढली. चिंचेतलं टार्टरिकही त्याचंच काम. म्हणजे आपलं चिंच-गुळाचं वरण आणि कढी, दोन्हींवर या गृहस्थाचा अभ्यास झालेला!

आता ऑफिसच्या ड्रॉवरमधलं वेफर्सचं पाकीट पालथं करा. 'अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ३३०' असं काहीतरी दिसेल. ३३० म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. २६० अ‍ॅसेटिक, २७० लॅक्टिक, २९६ मॅलिक, म्हणजे सफरचंदातलं. ३३४ टार्टरिक. ३३८ फॉस्फोरिक, हे कोलाच्या बाटलीवर. नूडल्सवर ५०० किंवा ५०१ असेल तर ते सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट, म्हणजे आपल्या पापडखाराचे भाऊबंद.

आकड्यांनी घाबरणारी मंडळी काही आजची नाहीत. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये एक निनावी पत्रक फिरू लागलं. त्यात ३३० ला सगळ्यात घातक, कॅन्सर करणारं ठरवलं होतं. हातोहात कॉप्या निघाल्या. आजच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डचा हा पणजोबाच. सायट्रिक अ‍ॅसिड तर आपल्या पेशींमध्ये सतत तयार होत असतं, ज्या चक्रात होतं त्याला हान्स क्रेब्स या शास्त्रज्ञाचं नाव आहे. जर्मनमध्ये 'क्रेब्स' म्हणजे कॅन्सर. घोळ तिथूनच झाला असावा, असं मानलं जातं. पुन्हा नावच!

चेहऱ्यावरच्या सीरमचंही तेच. सॅलिसिलिक, ग्लायकोलिक, लॅक्टिक ही खरोखर त्वचेचा वरचा थर सुटा करणारी आम्लं. टक्का बघून, हळूहळू आणि सनस्क्रीनसोबत वापरायची. तीन सीरम एकावर एक थापायची नाहीत. हायल्युरोनिक अ‍ॅसिड मात्र नावापुरतं अ‍ॅसिड. ते थर काढत नाही, पाणी धरून ठेवतं. आणि अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड म्हणजे आपलं व्हिटॅमिन सी.

तीव्र वेगळं, संहत वेगळं

आणखी एक गडबड आपण सर्रास करतो. 'तीव्र' आणि 'संहत' हे दोन शब्द आपण एकच समजतो. तीव्र आम्ल म्हणजे पाण्यात पडल्यावर जवळजवळ पूर्ण सुटं होणारं. सौम्य म्हणजे थोडंसंच सुटं होणारं. हा त्याचा जन्मजात स्वभाव. संहत आणि विरल हे मात्र पाणी किती घातलंय त्यावर. हायड्रोक्लोरिक तीव्र आहे, तरी आपल्या जठरात तेच असतं, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि जठराच्या अस्तराच्या बंदोबस्तात. टॉयलेट क्लीनरमध्ये ते १० टक्क्यांच्या घरात असतं. अणू-रेणू तेच, टक्का वेगळा, परिणाम वेगळा. म्हणून लेबलवर नावापुढचा आकडाही वाचायचा.

रात्री साडेअकराला डिनर आणि सकाळी स्टँड-अप मीटिंगला अ‍ॅसिडिटी, हे ज्यांचं रूटीन आहे, त्यांच्या ड्रॉवरमध्ये अँटासिड असतंच. ते म्हणजे बेसच. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा खाण्याचा सोडा. पोटातल्या आम्लाचं उदासिनीकरण होतं, सोडा असेल तर कार्बन डायऑक्साइडची ढेकर येते आणि बरं वाटतं. कधीमधी ठीक आहे. रोज लागत असेल तर डॉक्टरांना गाठा. आणि छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर 'गॅस झालाय' म्हणून सोडा पीत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

'अ‍ॅसिड नाहीये ना?' मग जास्त जपा

'अ‍ॅसिड' या शब्दाची धास्ती इतकी की बेसकडे आपलं लक्षच जात नाही. सोड्याची तीन नावं बघा. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तो ढोकळ्यात जातो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, तो कपड्यांना. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो ड्रेन क्लीनरच्या पुडीत असतो, तुंबलेल्या मोरीतली चरबी आणि केस विरघळवतो. तुमची कातडीही तो त्याच पद्धतीने विरघळवतो!

डोळ्यांच्या बाबतीत तर बेस अ‍ॅसिडपेक्षा वाईट ठरू शकतो. अ‍ॅसिडमुळे वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि आत जाण्याची वाट थोडी अडते. अल्कली चरबीचा साबण करत खोल खोल जाते. पान-तंबाखूवाल्यांकडची चुन्याची पुडी किंवा ट्यूब आठवा. लहान मूल ती खेळणं म्हणून दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. अशा अपघातांत मुलांची नजर कायमची गेलेली आहे. आणि त्या पुडीवर 'अ‍ॅसिड' असं कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरा धोका नाव नसलेल्या बाटलीचा. दारावर येणारं सुट्टं 'अ‍ॅसिड-फिनेल' आपण कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवतो. मग एखाद्या दिवशी तहानलेला पाहुणा तीच बाटली तोंडाला लावतो. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅसिडच्या सुट्ट्या विक्रीवर बंधनं घातली. ओळखपत्र, रजिस्टरमध्ये नोंद आणि १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही. त्यामागे अ‍ॅसिड हल्ल्यांचा प्रश्न होता. पण आपल्या घरापुरता तरी नियम आपणच करू शकतो. लेबल नाही, तर बाटली घरात नाही.

बेसिनखाली चिकटवून ठेवा

– दोन क्लीनर कधीही एकत्र नाही. एक वापरलं की भरपूर पाणी, मग दुसरं. शक्यतो दुसऱ्या दिवशी.

– रील्समधलं 'सोडा अधिक व्हिनेगर' निरुपद्रवी आहे, पण दोघं एकमेकांना मारतात. फेस छान येतो, नंतर उरतं जवळजवळ खारं पाणीच. ड्रेन क्लीनर टाकलेल्या मोरीत अ‍ॅसिड मात्र अजिबात ओतू नका. उष्णतेने उसळून अंगावर येतं.

– अ‍ॅसिड पातळ करायचं तर पाण्यात अ‍ॅसिड, हळूहळू. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही.

– डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली, किमान १५ ते २० मिनिटं, आणि मग डॉक्टर. अ‍ॅसिडवर सोडा, चुन्यावर लिंबू असले उपाय नकोत. उदासिनीकरणात उष्णता निघते, जखम वाढते.

– पोटात गेलं तर उलटी काढायची नाही. वर येताना ते पुन्हा भाजतं. बाटली सोबत घेऊन हॉस्पिटल. डॉक्टरांनाही नावच लागतं.

– वास येऊन खोकला सुटला तर आधी बाहेर पडा, मोकळ्या हवेत. फ्लश करायला थांबू नका. श्वास लागत असेल तर १०८.

आमच्या त्या शनिवारचं पुढे काय झालं? संध्याकाळपर्यंत खोकला थांबला. घरमालक आले, दारातून डोकावले, 'एवढा कसला वास?' म्हणाले आणि घाईघाईने चेक देऊन गेले. नव्या फ्लॅटमध्ये रूममेटने पहिलं काम काय केलं असेल, तर जाड मार्कर आणून दोन्ही बाटल्यांवर मोठ्ठ्या अक्षरात नावं लिहिली. एक बेसिनखाली, दुसरी बाल्कनीतल्या कपाटात. मधलं अंतर त्याने म्हणे पावलांनी मोजलंय.